‘ठेसन’ नेमके कुठे होते? बार्शी लाइटच्या सुटलेल्या मार्गावरील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूर, धाराशिव, लातूर, मिरज या पट्ट्यात ‘बार्शी लाइट’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांतल्या अंतराची) ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी टाउन अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण मार्ग २०२ मैलांचा, सुमारे ३२५ किलोमीटर. मालकी लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारकडे आली. म्हणूनच या भागातली वयोवृद्ध माणसे अजून ‘कंपनीची गाडी’ आणि ‘सरकारची गाडी’ असा फरक करतात.

या शतकाच्या सुरुवातीला मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूर ते धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) हा टप्पा २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी हा टप्पा २००८ मध्ये सुरू झाला. जुनी छोटी गाडी धाराशिव शहरात जात नव्हती. नवा मार्ग शहराकडून वळवून नेला आणि येडशीच्या पुढे जुन्या मार्गाचा तुकडा बाजूला पडला. रूळ निघाले, स्लीपर निघाले, मागे राहिले ते भराव, कटिंगा, मोऱ्या आणि लोकांच्या आठवणी.

हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका गावाचे आहे. गावाला इथे ‘क’ म्हणू. गाव पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते, कारण बार्शी इंग्रजी मुलखात आणि येडशीकडचा भाग निजामाच्या, त्यामुळे एकाच गाडीची कागदपत्रे दोन वेगळ्या पद्धतींनी ठेवलेली सापडतात.

गावातल्या माध्यमिक शाळेचे दोन शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेला एक की-मन (रोज मार्ग चालून रुळाच्या चाव्या तपासणारा, ठोकणारा कामगार), तालुक्याच्या ठिकाणचा एक मोजणीदार आणि कॉलेजातली चार मुले असा गट जमला. गावच्या शिवारातला सुमारे सहा किलोमीटरचा जुना मार्ग नकाशावर आणायचा, उरलेल्या बांधकामांची नोंद करायची आणि आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, एवढेच ठरले होते. वेळ फेब्रुवारी ते मे. हा काळ बरोबर निवडला होता. पावसाळ्यात काळ्या रानात पाऊल उचलत नाही आणि भरावावर घाणेरी, बाभूळ इतकी माजते की मोरी दहा फुटांवरून दिसत नाही.

अडचण

पहिली अडचण ‘ठेसना’ची. गावातले जवळपास सगळेच सांगत की, ‘आमच्या गावाला ठेसन होतं.’ जुन्या सार्वजनिक वेळापत्रकांत मात्र गावाचे नाव कुठेच नव्हते. जागेबद्दलही एकमत नव्हते. काही जण महादेवाच्या देवळाजवळचे चिंचेचे झाड दाखवत, काही जण तिथून पाऊण किलोमीटर पूर्वेची, भरावाच्या कडेची पडकी विहीर.

दुसरी अडचण खुद्द मार्गाची. म्हातारी माणसे ठामपणे सांगत की रूळ देवळाच्या ‘वरल्या अंगाला’, म्हणजे उत्तरेला होते. गटाने संगणकावर बसवलेल्या जुन्या नकाशात ते देवळाच्या दक्षिणेला दिसत होते.

तिसरी अडचण घाईची होती. ग्रामपंचायतीने शेतात जाण्यासाठी पाणंद रस्ता धरला होता आणि त्याच्या आखणीत जुन्या मार्गाचा तुकडा येत होता. त्यातच ओढ्यावरच्या दगडी मोरीचे घडीव दगड कोणीतरी काढून नेऊ लागले होते. गट पहिल्यांदा पोहोचला तेव्हा पश्चिमेकडच्या भिंतीचे वरचे दोन थर गेलेले होते.

समोरचे पर्याय

सुरुवात कशाने करायची यावर तीन मते होती. मोजणीदाराचे म्हणणे, आधी नकाशे. शिक्षकांचे म्हणणे, आधी माणसे, कारण नकाशे कुठे पळून जात नाहीत आणि नव्वदीतली माणसे थांबत नाहीत. की-मनचे म्हणणे, आधी मार्ग चालून बघू, पायाला जे कळते ते कागदाला कळत नाही.

गटाने नकाशे आधी घेतले. कारण व्यवहार्य होते: मुलांच्या परीक्षा जवळ होत्या आणि नकाशाचे काम घरी बसून होत होते. या निवडीची किंमत पुढे मोजावी लागली.

मोरीबाबतही तीन वाटा होत्या. पोलिसांत तक्रार द्यायची, ग्रामपंचायतीला आखणी बदलायला सांगायची, किंवा आधी पूर्ण नोंद करून मग पत्रे लिहायची. तक्रारीने गावातलीच दोन-तीन घरे अडचणीत आली असती आणि मग कोणी तोंड उघडले नसते. शिवाय रूळ काढले म्हणून जमीन मोकळी होत नाही, ती रेल्वेचीच असते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे १९६६ च्या वेगळ्या कायद्याखाली. हे गटालाही लागू होते. म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला की एक खिळाही उचलायचा नाही, सापडेल तिथेच मापपट्टी ठेवून फोटो घ्यायचा. दोघांना हा नियम जड गेला, पण तो पाळला गेला.

जुना मार्ग पायवाट म्हणून जपावा असाही विचार पुढे आला. त्यासाठी उदाहरण याच मार्गाच्या कर्त्याचे होते. बार्शी लाइट उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये याच गेजची लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन बांधली. ती १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३७ मध्ये तिच्या जागी लोकांसाठी पायवाट खुली झाली. तिथे सगळी पट्टी एकाच वेळी कौंटी कौन्सिलच्या ताब्यात आली होती. इथे सहा किलोमीटरमध्ये काही भाग रेल्वेच्या नावे, काही ठिकाणी बांध कोरून शेतात घेतलेला, काही ठिकाणी त्यावरून रोजची वहिवाट. त्यामुळे तो विचार गटाने त्या वर्षापुरता बाजूला ठेवला.

नकाशाची चूक कशी सापडली

गटाकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा होता, ज्यात नॅरोगेज लाइन स्पष्ट काढलेली होती. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो बसवताना मुलांनी नकाशाच्या चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे भरले. पद्धत सरळ वाटते, पण इथेच फसगत होते. ते जुने आकडे एव्हरेस्ट या जुन्या आधारपृष्ठावरचे (पृथ्वीचा आकार मानून अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धतीवरचे) असतात, तर मोबाइलचे जीपीएस आणि उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या आधारपृष्ठावर चालतात. दोन्हींत रूपांतर न करता आकडे भरले तर या भागात सगळा नकाशा शे-दीडशे मीटर आग्नेयेला सरकतो. पूर्व-पश्चिम जाणारी लाइन त्यामुळे शंभरेक मीटर दक्षिणेला उतरते. देवळाच्या उत्तरेची लाइन दक्षिणेला दिसायला एवढे पुरे.

गट जवळजवळ या निष्कर्षावर आला होता की म्हाताऱ्यांना दिशा आठवत नाही. तसे टिपणही लिहून झाले होते. ते थांबले एका साध्या तपासणीमुळे. मोजणीदाराने विचारले, ‘लाइन सरकली असेल, पण नकाशातलं देऊळ कुठंय?’ बघितले तर नकाशातले देऊळही खऱ्या देवळापासून तेवढेच आणि त्याच दिशेला सरकलेले होते. गावविहीर आणि तिहद्दीचा (तीन हद्दी मिळतात तिथला) दगडही तसाच. सगळ्याच वस्तू एका मापाने सरकल्या असतील तर दोष आठवणीत नसतो, तो नकाशा बसवण्यात असतो.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नकाशाची योग्य संदर्भपद्धती निवडायची, किंवा कोपरे सोडून जमिनीवर आजही असलेल्या जागांवर नकाशा टाचायचा. गटाने दोन्ही केले. टाचण्यासाठी सहा जागा घेतल्या: देऊळ, गावविहीर, दोन तिहद्दीचे दगड, ओढ्यांचा संगम आणि मोरी. रस्ते घेतले नाहीत, कारण रस्ता रुंद होतो, सरळ केला जातो, कधी जागाही बदलतो. ओढ्यांच्या संगमाबद्दल हे लिहिणाऱ्यांचे मत गटापेक्षा वेगळे आहे; काळ्या मातीत ओढा पात्र बदलतो, तो घेऊ नये. दुरुस्तीनंतर लाइन देवळाच्या उत्तरेला आली. फरक दहा-पंधरा मीटरवर उतरला आणि मोबाइलच्या जीपीएसची स्वतःची चूकच पाच-दहा मीटरची असते.

म्हातारी माणसे पहिल्या दिवसापासून बरोबर होती. पण तोपर्यंत चुकीच्या नकाशाची छापील प्रत घेऊन गट अकरापैकी पाच जणांच्या मुलाखती उरकून बसला होता. समोर सरकारी दिसणारा कागद ठेवल्यावर त्या पाचांपैकी तिघांनी आपले म्हणणे बदलले होते. ‘तुमच्या कागदात हाय म्हणजे तसंच असंल,’ असे एका आजींचे वाक्य मुद्रणात आहे. ते ऐकले की वाईट वाटते. ती माहिती परत शुद्ध करता येत नाही. आठवड्याने पुन्हा गेले तर माणूस मूळची आठवण आणि दाखवलेला कागद यांची मिसळ सांगतो.

जमिनीवरच्या खुणा

मार्ग चालताना की-मनचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. काळ्या रानात भराव घालताना मुरूम वापरलेला असतो. भराव पसरून शेतात घेतला तरी नांगरटीनंतर तांबूस-पिवळा पट्टा उघडा पडतो. रब्बीच्या ज्वारीत हाच पट्टा फेब्रुवारीत दिसतो: दबलेल्या जमिनीवर ताटे बुटकी राहतात आणि आधी वाळतात. जुन्या उपग्रहचित्रांतही डिसेंबर ते फेब्रुवारीची चित्रे उघडावीत, मे महिन्याची उघडून उपयोग नाही. भरावाच्या दोन्ही अंगांना लांबट खड्डे असतील तर ते भरावासाठी माती काढल्याचे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि गावकरी त्यांना तळी समजतात.

एका जागी भराव आणि जुना गाडीरस्ता समांतर होते आणि कोणता कोणता हे कळेना. तिथे वळणाची मापे घेतली. वळणाच्या बाहेरच्या कडेवर दोन टोके धरून वीस मीटर दोरी ताणायची आणि मध्यावर दोरीपासून कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. अंतराच्या आठ पटीने दोरीच्या लांबीच्या वर्गाला भागले की त्रिज्या मिळते. तीन ठिकाणी २८, ३० आणि ३१ सेंटिमीटर आले, म्हणजे त्रिज्या १६० ते १८० मीटर. वळण जवळपास एकसारखे. दुसऱ्या वाटेवर हेच माप ९ पासून ५५ सेंटिमीटरपर्यंत भरकटले. बैलगाडीची वाट झाड-खडक टाळत जाते, तिचे वळण एकसारखे नसते. चढही गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासला: तीस मीटरला सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे नव्वदास एक, आणि पुढे दीडशे मीटर तसाच. शंका उरली नाही.

अंतराचे दोन दगड सापडले. आकडे मैलांचे की किलोमीटरचे, यावर बराच वाद झाला. त्याला उत्तर एकच: दोन दगडांमधले अंतर मार्गावरून चालून मोजा. १६०९ मीटर आले तर मैल, हजार आले तर किलोमीटर. इथे हजाराच्या आसपास आले, म्हणजे दगड मेट्रिक पद्धत आल्यानंतरचे, कंपनीच्या काळातले नव्हेत.

आणि शाळेची घंटा. खेड्यातल्या बहुतेक शाळांप्रमाणे इथेही वऱ्हांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला आहे. मुले रोज तो बडवतात आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्यावर ऑइलपेंटचे अनेक थर होते. रंग न खरवडता पातळ कागद लावून पेन्सिलीने घासल्यावर रुळाच्या पोटावरची काही अक्षरे उठली, वर्षाचे शेवटचे दोन आकडे मात्र वाचता येईनात. मग रात्री टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढले, तेव्हा तेही दिसले. एका मुलाला वाटले की लाइनचे वर्ष सापडले. तसे नसते. ते वर्ष रूळ कारखान्यात बनल्याचे असते, तो कधीही आणि कुठेही वापरलेला असू शकतो, दुरुस्तीत बदललेलाही असतो.

त्याच तुकड्याने दुसरी माहिती मात्र दिली. दोन्ही टोके सरळ कापलेली असल्याने तो न कापता तोलता आला. लांबी ४६ सेंटिमीटर, वजन ६.७ किलो. मीटरला साधारण साडेचौदा किलो. तीस पौंडी (यार्डाला तीस पौंड वजनाचा) रूळ नवा असताना मीटरला १४.९ किलो भरतो. टांगायचे भोक आणि झीज धरली तर हिशेब जुळतो. बार्शी लाइट मुळात तीस पौंडी रुळांवर बांधली गेली होती. इंजिन असो, डबा असो, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉप यांचा आग्रह होता. त्यामुळे हलके रूळ आणि लहान मोऱ्या चालल्या. ओढ्यावरची मोरी पाहताना हे लक्षात ठेवले की तिचा आकार नीट कळतो. गर्डर टेकवायच्या दगडांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत चार फुटांच्या आत आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पाटाची मोरी वाटते.

कागद

रेल्वेकडे माहिती अधिकाराचा अर्ज केला. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. अर्जात ‘जुन्या लाइनची सर्व माहिती द्या’ असे लिहिले की उत्तर येते, ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.’ म्हणून तीनच गोष्टी मागितल्या: ठरावीक दोन गावांदरम्यानच्या रेल्वे जमिनीचा नकाशा, त्याच अंतरातील पूल-मोऱ्यांच्या नोंदवहीची प्रत आणि त्या अंतरातील स्थानके व थांब्यांची यादी. जमिनीच्या नकाशाचे दोन तक्ते आणि मोऱ्यांची अर्धवट यादी मिळाली. थांब्याची नोंद नव्हती.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि लगतच्या गट क्रमांकांच्या जमिनींची टिपणे, म्हणजे मोजणीचे जुने कागद, काढले. टिपणातली मापे साखळी-आण्यात असतात: एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे. रेल्वेची पट्टी बहुतेक ठिकाणी तीन साखळ्या, म्हणजे सुमारे तीस मीटर रुंद होती. पण पडक्या विहिरीजवळ ती दोनशे फूट लांबीपर्यंत जवळपास दुप्पट झालेली दिसली. रेल्वे जास्तीची जमीन उगाच घेत नाही. तिथे काहीतरी होते.

निजामाच्या काळातल्या एका नोंदीत वर्ष १३२१ असे होते. ते फसली साल. हैदराबाद संस्थानातल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. तिथले वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून १३२१ म्हणजे ऑक्टोबर १९११ ते ऑक्टोबर १९१२. नोंद उर्दूत होती. शाळेतल्याच एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी ती वाचून दिली. भाषांतरासाठी जिल्ह्याला माणूस शोधायचे ठरले होते, तो हेलपाटा वाचला.

‘ठेसना’चा उलगडा

उरलेल्या सहा मुलाखतींच्या वेळी गटाने पद्धत बदलली. नकाशा पिशवीत. एकावेळी एकच माणूस, पारावर चार जणांत नाही, कारण तिथे सगळ्यात मोठ्या आवाजाचे खरे ठरते. शक्य असेल त्यांना बैलगाडीतून किंवा मोटरसायकलवरून जागेवर नेले आणि ‘इथं काय होतं?’ एवढेच विचारले. तारखा विचारल्या नाहीत, खुणेच्या घटना विचारल्या: रझाकारांच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट या भागात कोणी विसरलेले नाही. त्यामुळे गाडीच्या शेवटच्या वर्षांचे प्रसंग बरोबर क्रमाने लागतात.

मुख्य बदल प्रश्नात होता. आधी विचारत होते, ‘स्टेशन कुठं होतं?’ आता विचारले, ‘बापू, पंढरीला जाताना गाडीत कुठून बसायचात?’ सहापैकी चौघे थेट विहिरीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांतल्या एका माजी गँगमनचे म्हणणे असे: ‘गाडी थांबायची न्हाई तशी, पर इंजान पाण्याला हुबं ऱ्हायचं. तेवढ्यात मानसं चढायची. गारड काय म्हनायचा न्हाई, आषाढीला तर न्हाईच न्हाई.’

म्हणजे कागदात ठेसन नव्हते आणि लोकांना ठेसन होते. या भागाच्या बोलीत जिथे गाडी उभी राहते आणि माणूस चढतो ते ठेसन. तिथे तिकिटाची खिडकी आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

जमिनीने याला दुजोरा दिला. विहिरीलगत भरावाच्या कडेला जळक्या कोळशाचे सच्छिद्र काळे खडे हातभर जाडीच्या थरात सापडले. धावत्या इंजिनातून पडलेले खडे मार्गभर विखुरलेले असतात. एका जागी एवढा थर असेल तर इंजिन तिथे पुन्हा पुन्हा उभे राहून राख काढत होते. विहिरीपासून सात-आठ मीटरवर दगडी चौथऱ्याचे चार कोपरे दिसले, टाकीच्या बैठकीला साजेसे. आणि जमिनीच्या नकाशातली दुप्पट पट्टी नेमकी इथलीच.

चिंचेच्या झाडाची आठवणही खोटी निघाली नाही. तिथे फाटक होते आणि गँगची खोली. रोजचा राबता तिथे असे, म्हणून ज्यांचा संबंध गाडीत बसण्यापेक्षा गँगशी होता त्यांच्या डोक्यात ठेसन म्हणजे चिंच. गटातल्या की-मनच्या घरी रुळाची चावी ठोकायचा लांब दांड्याचा हातोडा अजून आहे, सरपण फोडायला. त्याने दोन्ही जागांबद्दल सुरुवातीपासून माहिती होती असे सांगितले. त्याला कोणी विचारलेच नव्हते, कारण तो गटातलाच होता.

मोरीचे काय झाले

दगड जात असल्याचे दिसताच गटाने दोन दिवसांत नोंद पूर्ण केली. सकाळच्या ढगाळ उजेडात मोबाइलने १४० फोटो घेतले, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सत्तर टक्के भाग येईल असे, आणि दोन्ही भिंतींना एक मीटरची रंगवलेली काठी टेकवून ठेवली. त्यातून मेशरूम या मोफत सॉफ्टवेअरवर मोरीची त्रिमितीय प्रतिमा तयार झाली. ऊन असते तर सावल्यांनी ती फाटली असती. पहिल्या प्रयत्नात आतल्या बाजूचे फोटो कमी पडले आणि पूर्वेच्या भिंतीला भोक राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले.

मग दोन पत्रे गेली. रेल्वेला: तुमच्या जागेतल्या मोरीचे दगड निघत आहेत, सोबत फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश. ग्रामपंचायतीला: आखणीतली ही जागा रेल्वेच्या नावावर आहे, सोबत उतारा. कोणाचे नाव दोन्ही पत्रांत घातले नाही.

पाणंद रस्ता झाला, पण मोरीवरून नाही. खालच्या अंगाला बारा मीटरवर नळ्या टाकून ओढा ओलांडला, कारण रेल्वेच्या जागेत कामाला परवानगी नव्हती आणि निधी मार्चअखेर खर्च करायचा होता. मोरी वाचली ती या हिशेबाने. गटाच्या पत्राने उतारा समोर आणला, एवढा त्यांचा वाटा धरता येईल. पश्चिमेच्या भिंतीचा आणखी एक थर मे महिन्यापर्यंत गेला. पूर्वेची भिंत शाबूत आहे.

नकाशा लोकांसाठी खुला करताना गटाने मोरी आणि उरलेल्या लोखंडी वस्तूंच्या जागा मुद्दाम एक किलोमीटरच्या चौकोनात मोघम दाखवल्या. अचूक आकडे शाळेत आणि ग्रामपंचायतीत बंद पाकिटात आहेत. भंगारवाल्याला रस्ता दाखवायचा नसेल तर हे करावेच लागते.

वेगळे काय करता आले असते

माणसे आधी, मग मार्ग, मग नकाशे. हा क्रम असता तर पाच मुलाखती वाया गेल्या नसत्या. त्या पाचांपैकी एक जण त्याच पावसाळ्यात गेले. त्यांचे म्हणणे आता फक्त चुकीच्या नकाशासकट शिल्लक आहे आणि नोंदीत तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

नकाशा बसवल्यावर, मुख्य प्रश्नाच्या आधी, न बदललेल्या तीन वस्तू तपासायच्या. पंधरा मिनिटांचे काम. ते पहिल्या दिवशी झाले असते तर म्हाताऱ्यांना चुकीचे ठरवणारे टिपण लिहिलेच गेले नसते.

रेल्वेची लेखी परवानगी सुरुवातीलाच मागायला हवी होती. गटाने ती एप्रिलमध्ये मागितली, तोवर तीनदा हद्दीत जाऊन झाले होते. नशिबाने कोणी हरकत घेतली नाही. मुले सोबत असताना नशिबावर जाऊ नये.

मुलाखतींची संमती तोंडी घेतली गेली. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला, मराठीत, ‘तुमचा आवाज शाळेत ठेवू, नाव छापणार नाही’ असे म्हणून होकार मुद्रित करायला दहा सेकंद लागतात. अकरापैकी चार मुद्रणांत तो होकार नाही आणि ती चार आज कोणाला ऐकवता येत नाहीत. त्यांतच आषाढीच्या गाडीचे सगळ्यात सविस्तर वर्णन आहे.

बायकांच्या मुलाखती फक्त दोन झाल्या. इंजिनातून पडलेला कोळसा वेचायला, विहिरीवर पाण्याला आणि माहेरी जाताना गाडीला, असा बायकांचा त्या जागेशी रोजचा संबंध होता. थांब्याबद्दल सगळ्यात नेमकी माहिती तिथेच असणार. पुढच्या फेब्रुवारीत ज्वारी उभी असताना लगतच्या चार किलोमीटरचे काम धरले आहे. त्या यादीत आठ आजी आहेत. विचारायला शाळेच्या बाई आणि दोन मुली जाणार आहेत, आणि नकाशा शाळेतच राहणार आहे.